मनुष्यमहिन्यापासून ॲपच्या अंदाजपत्रकापर्यंत

सॉफ्टवेअर दुसऱ्याकडून करून घेण्याच्या व्यवहाराला सुमारे सत्तर वर्षांचा इतिहास असला, तरी त्यातील मूळ अडचण आरंभापासून आजतागायत कायम आहे. जी वस्तू अद्याप अस्तित्वात नाही, जिचे नेमके रूप ती मागणाऱ्यालाही पुरते ठाऊक नसते आणि जी घडत असतानाच बदलत जाते, तिची किंमत या व्यवहारात आधी ठरवावी लागते आणि ती घडवणाराही आधीच निवडावा लागतो. आज एखादी शिक्षणसंस्था, पतपेढी किंवा व्यापारी मोबाइल ॲपसाठी चार एजन्सींकडून दरपत्रके मागवतो, तेव्हा त्यांतील आकड्यांत दुपटी-चौपटीची तफावत दिसते आणि तिचे कारण बहुधा कोणाच्या तरी नफेखोरीत शोधले जाते. ही तफावत समजून घेण्यासाठी सॉफ्टवेअरचे मोजमाप, कंत्राटाचे प्रकार आणि कंत्राटदाराची पारख करण्याचे निकष कसे घडत गेले हे पाहावे लागते. या घडणीत मुंबई आणि पुणे या दोन शहरांचा वाटा लक्षणीय आहे. या सर्व काळात वाद वरकरणी दराचा दिसत असला, तरी अंदाज चुकल्यावर वाढलेला खर्च कोणी सोसायचा, हाच त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता.

संगणकाच्या पहिल्या पिढीत सॉफ्टवेअरला वेगळी किंमत नव्हती. यंत्रे प्रचंड महाग असत, ती बहुधा भाड्याने घेतली जात आणि त्यांवर चालणारे प्रोग्राम, प्रशिक्षण व दुरुस्ती यांचा खर्च भाड्यातच धरलेला असे. प्रोग्राम लिहून देणे हाच धंदा करणाऱ्या पहिल्या स्वतंत्र कंपन्यांपैकी ‘कॉम्प्युटर यूसेज कंपनी’ १९५५मध्ये अमेरिकेत सुरू झाली. परंतु यंत्रासोबत विनामूल्य मिळणाऱ्या प्रोग्रामांच्या काळात अशा कंपन्यांची बाजारपेठ मर्यादितच राहिली. जानेवारी १९६९मध्ये अमेरिकी न्याय खात्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली आयबीएमवर खटला दाखल केला आणि त्याच वर्षी २३ जून रोजी आयबीएमने सॉफ्टवेअर व सेवा यांची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचा निर्णय जाहीर केला. या निर्णयामागे खटल्याचा दबाव किती आणि सॉफ्टवेअरवरचा वाढता खर्च किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी परिणामाविषयी दुमत नाही. सॉफ्टवेअर ही स्वतंत्रपणे विकत घेण्याची गोष्ट ठरली आणि तिच्या किमतीचा हिशेब मांडण्याची गरज प्रथमच सर्वसाधारण ग्राहकापर्यंत पोहोचली.

तो हिशेब मांडणे किती कठीण आहे याची प्रचिती आयबीएमला आधीच आली होती. एप्रिल १९६४मध्ये जाहीर झालेल्या ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालिकेसाठी लागणारी कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचे सर्व व्यवहार सांभाळणारे मूलभूत सॉफ्टवेअर, ठरलेल्या वेळेत आणि खर्चात पूर्ण झाली नाही. या कामाचे नेतृत्व केलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात त्याची मीमांसा केली. एका माणसाचे एक महिन्याचे काम म्हणजे मनुष्यमहिना. या एककाने खर्च मोजता येतो, मात्र प्रगती मोजता येत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. माणसे वाढली की त्यांच्यातील परस्परसंवादाचे धागे त्याहून वेगाने वाढतात आणि नव्याने आलेल्यांना काम समजावून देण्यात जुन्यांचा वेळ जातो. त्यामुळे उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसे लावल्यास तो अधिकच लांबतो, हा त्यांचा निष्कर्ष पुढे ‘ब्रुक्सचा नियम’ म्हणून ओळखला गेला. तत्पूर्वी ऑक्टोबर १९६८मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे ‘नाटो’च्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत सॉफ्टवेअरच्या लांबणाऱ्या आणि फसणाऱ्या कामांची चर्चा झाली होती आणि सॉफ्टवेअरनिर्मितीला अभियांत्रिकीची शिस्त लावण्याची कल्पना तेथूनच रूढ झाली.

अभियांत्रिकी म्हटली की मोजमाप आलेच. सर्वांत जुने माप प्रोग्रामच्या ओळींचे होते, पण त्यात दोन उघड दोष होते: एकच काम थोड्या ओळींत करणारा कुशल प्रोग्रामर त्या मापाने कमी काम करणारा ठरे, आणि ओळींची संख्या काम संपल्यावरच कळत असे. १९७९मध्ये आयबीएममधील ॲलन आल्ब्रेख्ट यांनी ‘फंक्शन पॉइंट’ ही पद्धत मांडली. तिच्यात प्रोग्राम कसा लिहिला आहे याऐवजी वापरणाऱ्याला त्यातून काय मिळते हे मोजले जाते: किती प्रकारची माहिती आत घेतली जाते, किती प्रकारची बाहेर दिली जाते, किती प्रकारच्या चौकश्यांना उत्तर मिळते, किती नोंदसंच सांभाळावे लागतात. आजच्या ॲपच्या दरपत्रकात पडदे, लॉगिन, पेमेंट, सूचना अशी जी यादी दिसते, तिची वंशावळ या पद्धतीपर्यंत मागे नेता येते.

दोन वर्षांनी, १९८१मध्ये, बॅरी बोम यांनी ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात ६३ प्रकल्पांच्या आकडेवारीवरून बसवलेली ‘कोकोमो’ नावाची सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील सर्वांत सोप्या सूत्रानुसार परिचित स्वरूपाच्या १० हजार ओळींच्या कामाला सुमारे २७ मनुष्यमहिने लागतात, तर १ लाख ओळींच्या कामाला सुमारे ३०२. म्हणजे आकार दहापट झाला की श्रम अकरापटींहून अधिक होतात. आणि यंत्रसामग्रीच्या कडक बंधनांत करावयाच्या कामांत हीच वाढ जवळपास सोळापटींपर्यंत जाते. याच ग्रंथातील आणखी एक मांडणी पुढे ‘अनिश्चिततेचा शंकू’ म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार कल्पनेच्या अवस्थेत केलेला अंदाज प्रत्यक्ष खर्चाच्या एक-चतुर्थांश ते चौपट यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो आणि आवश्यकता, रचना व तपशील ठरत जातील तसतसे हे अंतर आटत जाते. दोन पानी वर्णनावरून मागवलेल्या दरपत्रकांत चौपट तफावत असणे या दृष्टीने स्वाभाविकच म्हणावे लागते, कारण प्रत्येक एजन्सीने त्या वर्णनातील मोकळ्या जागा आपापल्या समजुतीने भरलेल्या असतात.

हे सिद्धांत अमेरिकेत आकार घेत असताना कंत्राटी सॉफ्टवेअरचा एक निराळा प्रवाह मुंबईत सुरू झाला होता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६०मध्ये कार्यान्वित झाला होता. मात्र व्यापारी सेवेचा पाया १९६८मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने घातला. पुढच्याच वर्षी टाटांच्या वीज कंपनीतून फकीरचंद कोहली तेथे आले आणि पुढे दीर्घकाळ तिचे नेतृत्व त्यांच्याकडे राहिले. सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या शाखांमधील परस्पर हिशेबांचा मेळ घालणे, युनिट ट्रस्टच्या नोंदी सांभाळणे अशी तिची आरंभीची कामे होती. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात संगणक आयात करायचा, तर सॉफ्टवेअर निर्यात करून चलन मिळवण्याचे बंधन स्वीकारावे लागे. १९७४मध्ये या कंपनीने अमेरिकेतील बरोज कंपनीचा संगणक आणला आणि इतर बनावटीच्या यंत्रांवरील प्रोग्राम बरोजच्या यंत्रांवर चालतील असे करून देण्याची कामे परदेशी ग्राहकांसाठी घेतली. १९७३मध्ये अंधेरीत स्थापन झालेल्या ‘सीप्झ’ या निर्यात-प्रक्रिया क्षेत्रात या व्यवसायाला जागा मिळाली. त्याच वर्षीच्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भागभांडवलातील आपला हिस्सा कमी करण्यास नकार देऊन आयबीएम १९७८मध्ये भारतातून बाहेर पडली, तेव्हा निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर काम करण्याची सवय इथल्या प्रोग्रामरांना अधिकच लागली.

पुण्याचा सहभागही याच दशकातला आहे. पटनी कुटुंबाच्या उद्योगाने अमेरिकी ग्राहकांची कागदावरील माहिती संगणकाला वाचता येईल अशा रूपात आणण्याचे काम पुण्यात करून घेतले आणि १९७८मध्ये पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्सची स्थापना झाली. त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या सात जणांनी जुलै १९८१मध्ये पुण्यात १० हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस स्थापन केली. ती १९८३मध्ये बंगळूरला गेली. या सर्व कंपन्यांच्या आरंभीच्या निर्यातीत माणसे ग्राहकाच्या दारी पाठवून त्यांच्या तासांचे पैसे घेण्याचा प्रकार मोठा होता आणि त्याला ‘बॉडी शॉपिंग’ असे काहीसे हेटाळणीचे नाव मिळाले. हिशेबाच्या दृष्टीने ही रोजंदारीच होती: काम लांबले तर पैसे ग्राहकाचे जात, आणि पुरवठादाराला अंदाज चुकण्याची धास्ती नसे. भांडवल तुटपुंजे असताना तोट्याचा धोका न पत्करता धंदा उभा करण्याचा तो व्यवहार्य मार्ग होता. मात्र त्यामुळे संपूर्ण कामाचा अंदाज बांधण्याची विद्या ग्राहकाकडेच राहिली.

ही स्थिती बदलण्यास दळणवळण कारणीभूत ठरले. १९८५मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बंगळूरमध्ये उपग्रहजोडणी असलेले केंद्र उघडले आणि १९९०मध्ये पुणे, बंगळूर व भुवनेश्वर येथे सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क स्थापन झाले, ज्यांचे पुढच्या वर्षी एका राष्ट्रीय संस्थेत एकत्रीकरण झाले. लहान कंपन्यांनाही उपग्रहावरून जलद जोडणी भाड्याने मिळू लागल्यावर काम भारतातच करून परदेशी पाठवणे, म्हणजे ‘ऑफशोअर’ पद्धत, परवडू लागली. दूर बसलेल्या माणसाचे तास मोजणे ग्राहकाला अवघड असल्याने ठरावीक कामाला ठरावीक रक्कम अशा उक्त्या कंत्राटांचा आग्रह वाढला आणि अंदाज चुकण्याचा भार पुरवठादाराकडे सरकू लागला. २००० सालच्या तारखांच्या प्रश्नाने या पद्धतीला मोठे बळ दिले. जुन्या प्रोग्रामांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवलेले असल्याने ते शोधून दुरुस्त करायचे होते. प्रोग्राम आधीपासून अस्तित्वात असल्यामुळे त्यांच्या ओळी मोजता येत होत्या आणि ओळीमागे दर सांगता येत होता. सॉफ्टवेअरच्या इतिहासात कामाचा आकार आधी ठाऊक असण्याचा असा योग क्वचितच येतो आणि त्या यशावरून नव्या निर्मितीचाही उक्ता दर तितक्याच खात्रीने सांगता येईल असा समज पसरला.

पुरवठादाराची पारख कशी करावी, या प्रश्नाचे पद्धतशीर उत्तर प्रथम अमेरिकेच्या संरक्षण खात्याला हवे होते. त्या खात्याच्या निधीतून १९८४मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९८७मध्ये तेथे कंत्राटदारांची क्षमता तपासण्याची पद्धत तयार झाली. वॉट्स हम्फ्री यांच्या मांडणीतून विकसित झालेल्या या पद्धतीला १९९१मध्ये ‘केपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल’, म्हणजे ‘सीएमएम’, असे रूप मिळाले. तिच्या पाच पायऱ्यांपैकी पहिलीवरचे काम व्यक्तींच्या हुशारीवर अवलंबून असते, तर पाचवीवरच्या संस्थेत प्रत्येक प्रकल्पाचे आकडे नोंदवून कार्यपद्धती सतत सुधारली जाते. वस्तू आधी पाहता येत नसेल, तर ती घडवण्याची रीत पाहावी, असे या पद्धतीमागचे तत्त्व होते. दूरच्या आणि अपरिचित भारतीय कंपन्यांना परदेशी ग्राहकाचा विश्वास मिळवण्यासाठी ते फार सोयीचे ठरले आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाचव्या पायरीचे प्रमाणपत्र मिळवण्यात त्या आघाडीवर राहिल्या. मात्र प्रमाणपत्र संस्थेच्या शिस्तीविषयी सांगते. मागितलेले काम मुळात योग्य आहे की नाही याविषयी ते काहीच सांगत नाही. फेब्रुवारी २००१मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जणांनी प्रसिद्ध केलेल्या ‘अजाइल’ जाहीरनाम्याने नेमक्या याच उणिवेवर बोट ठेवले. कंत्राटातील वाटाघाटींपेक्षा ग्राहकाशी सहकार्य अधिक मोलाचे, असे त्याचे एक सूत्र होते. लहान टप्प्यांत काम करून प्रत्येक टप्प्यानंतर प्राधान्य बदलण्याची मुभा त्याने दिली, पण त्याबरोबर अंतिम रकमेची खात्री सोडावी लागली. म्हणजे रोजंदारीकडून उक्त्याकडे सरकलेला भार पुन्हा अंशतः ग्राहकाकडे आला.

मोबाइलच्या क्षेत्रात हे सर्व प्रश्न लहान ग्राहकांपर्यंत पोहोचले. २००८पूर्वी हातातल्या फोनसाठी प्रोग्राम लिहून विकायचा, तर दूरसंचार कंपनीशी किंवा फोननिर्मात्याशी करार करावा लागे, महसुलाचा मोठा हिस्सा सोडावा लागे आणि वेगवेगळ्या पडद्यांच्या व कळफलकांच्या असंख्य फोनसाठी तोच प्रोग्राम पुनःपुन्हा जुळवून घ्यावा लागे. १० जुलै २००८ रोजी ॲपलचे ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲपसह उघडले. वर्षाला ९९ डॉलर शुल्क आणि विक्रीतील ३० टक्के वाटा अशी त्याची अट होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गुगलचे अँड्रॉइड मार्केट सुरू झाले आणि तेथील नोंदणी २५ डॉलरमध्ये होऊ लागली. वितरणाची किंमत एवढी खाली आल्याने आजवर सॉफ्टवेअर कधीही न बनवून घेतलेले ग्राहक बाजारात आले, आणि त्यांच्यासाठी दहा-वीस माणसांच्या एजन्सी शहरोशहरी निघाल्या. संरक्षण खात्याकडे असतो तसा तपासणी विभाग यांपैकी कोणत्याही ग्राहकाकडे नव्हता. ईलान्स आणि ओडेस्क यांसारख्या कामाच्या बाजारपेठांनी, ज्यांच्या एकत्रीकरणातून २०१५मध्ये अपवर्क हे नाव पुढे आले, जुन्या ग्राहकांनी दिलेले तारे आणि अभिप्राय हा पारखीचा नवा निकष दिला. तो स्वस्त आणि झटपट होता, पण काम हाती पडल्यावरचे समाधान त्यात नोंदले जाई. दोन वर्षांनंतर ते ॲप चालू आहे की नाही, हे त्यात येत नसे.

ॲपच्या खर्चाचे अंतरंगही याच काळात ठरले. आयफोन आणि अँड्रॉइड यांच्या प्रोग्रामिंग भाषा भिन्न असल्याने एकच ॲप दोनदा लिहावे लागे. हा दुहेरी खर्च टाळण्यासाठी २००९च्या सुमारास फोनगॅप, २०१५मध्ये रिॲक्ट नेटिव्ह आणि डिसेंबर २०१८मध्ये फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती अशी एकाच लेखनातून दोन्हीकडे चालणारी साधने आली. तरीही दिसणारे पडदे हा खर्चाचा एक भागच राहिला. माहिती साठवणारा सर्व्हर, व्यवस्थापकासाठीचे नियंत्रण-पान, पेमेंट सेवेशी जोडणी, निरनिराळ्या फोनवरची चाचणी या न दिसणाऱ्या बाबी दरपत्रकात धरल्या आहेत की वगळल्या आहेत, यावर आकडा पालटतो. त्यात २०१७पासून १८ टक्के वस्तू व सेवा कराची भर पडली.

सर्वांत अधिक दुर्लक्षिली गेलेली बाब देखभालीची होय. लिएन्ट्झ व स्वॉन्सन या अभ्यासकांनी १९८०मध्येच दाखवून दिले होते की संगणक विभागांचा सुमारे निम्मा वेळ जुने सॉफ्टवेअर चालते ठेवण्यात जातो, आणि त्यातही चुकांची दुरुस्ती हा सुमारे पंचमांश भाग असतो. उरलेला वेळ बदलत्या गरजा आणि बदलत्या यंत्रणा यांच्याशी जुळवून घेण्यात जातो. मोबाइलमध्ये या बदलांचा वेग ग्राहकाच्या हातात उरलेला नाही. सप्टेंबर २०१७मध्ये आलेल्या आयओएस ११वर ३२-बिट पद्धतीची जुनी ॲप चालेनाशी झाली आणि ऑगस्ट २०१९पासून गुगलने आपल्या स्टोअरवरील ॲपना ६४-बिट आवृत्ती सक्तीची केली. ज्यांच्या अंदाजपत्रकात वार्षिक देखभाल कराराची तरतूद नव्हती, त्यांच्या बाबतीत एकही चूक नसलेले ॲपदेखील असे निकामी होऊ शकत होते.

कायद्यानेही हा भार वेळोवेळी वाटून दिला आहे. १९८४च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्राम हे भारतीय कॉपीराइट कायद्याखाली साहित्यकृतींत समाविष्ट झाले. या कायद्याच्या कलम १७नुसार नोकराने नोकरीच्या ओघात लिहिलेल्या प्रोग्रामचा हक्क, वेगळा करार नसल्यास, मालकाकडे जातो. स्वतंत्र कंत्राटदाराने लिहिलेल्या प्रोग्रामला मात्र ही तरतूद लागू होत नाही आणि तो हक्क लेखी हस्तांतर करून घ्यावा लागतो. कलम १९नुसार हस्तांतराच्या लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. पूर्ण पैसे चुकते करूनही ग्राहक आपल्याच ॲपचा निर्वेध मालक होत नाही, असे यामुळे घडू शकते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ग्राहकावरची जबाबदारी आणखी वाढवली. वापरकर्त्यांची माहिती हाताळण्याचे काम एजन्सीकडे दिले, तरी उत्तरदायित्व माहिती गोळा करवून घेणाऱ्या संस्थेकडेच राहते आणि कराराने ते झटकता येत नाही.

या इतिहासात निर्माण झालेल्या प्रत्येक साधनाने अनिश्चिततेचा एकेक तुकडा आवरला. फंक्शन पॉइंटने आकाराविषयीची, सीएमएमने पुरवठादाराच्या शिस्तीविषयीची, अजाइलने मागणीच्या योग्यतेविषयीची अनिश्चितता कमी केली. परंतु यांपैकी एकही साधन इतरांचे काम करू शकले नाही. त्यामुळे एजन्सीची निवड आणि अंदाजपत्रक या दोन स्वतंत्र पायऱ्या मानण्याची प्रथा इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. आवश्यकता निश्चित करण्याचा छोटा टप्पा स्वतंत्र मोबदला देऊन आधी उरकणे, त्यातून तयार झालेल्या तपशिलावर उक्ती किंमत मागणे, बदलत राहणाऱ्या भागासाठी वेळेनुसार दर ठरवणे आणि देखभाल व हक्कांचे हस्तांतर पहिल्याच करारात लिहून घेणे, ही आज अनुभवी ग्राहक अनुसरतात ती रीत या साधनांच्या बेरजेतूनच आली आहे. अशा रीतीने मागवलेल्या दरपत्रकांतही फरक राहतात, पण ते कोणत्या जोखमीची किंमत म्हणून आले आहेत हे सांगता येते. ज्या दरपत्रकात तसे सांगता येत नाही, त्यातील कमी दिसणारी रक्कम बहुधा एवढेच सुचवते की वाढीव खर्चाचा धनी ग्राहक आहे आणि ते त्याला अद्याप कोणी सांगितलेले नाही.